आधी आपला जिल्हा, मग अभ्यासक्रम

साताऱ्यात मी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना सामान्य अध्ययन शिकवते. राज्यसेवेचे, केंद्राचे, गट ब चे असे सगळेच उमेदवार एका वर्गात बसतात. बहुतेक जण खेड्यांतून आलेले, पदवी नुकतीच हाती पडलेली. पहिल्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, पुस्तकं कोणती घेऊ?" पुस्तकांची यादी प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लावलेली असते, ती मी वेगळी देत नाही. मी साताऱ्याचा नकाशा देते. इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण हे सगळे विषय आपल्या पायाखालच्या जमिनीत एकमेकांत गुंतलेले आहेत. ते तिथून उचलले की लक्षात राहतात आणि उत्तरात कामाला येतात. शिकवता शिकवता जे पक्कं होत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. अभ्यासक्रम स्वतःच्या अक्षरात लिहून काढा. केंद्राच्या मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी १७५० लेखी गुण धरतात. त्यातले १००० सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांचे आहेत आणि मुलाखत २७५ गुणांची आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. अभ्यासक्रमाची एक ओळ लिहायची, खाली मागच्या दहा वर्षांत तिच्यावर आलेले प्रश्न लिहायचे. लोकसेवा आयोगाला त्या ओळीतून काय हवं असतं, ते तिथेच दिसतं. हे काम दुसऱ्याच्या छापील वहीतून होत नाही.

२. भूगोल पावसापासून सुरू करा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट उतरून तिसेक किलोमीटरवर वाईला आलं की तो हजाराच्या आत येतो, आणि पूर्वेकडे माण तालुक्यात ५०० च्या आसपास. एकाच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरच्या आत एवढा फरक. माणचा एक मुलगा वर्गात म्हणाला होता, "मॅडम, आमच्याकडं पाऊस पडत नाय, एवढंच म्हाईत." मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि सह्याद्रीचा आडवा छेद काढायला लावला. समुद्रावरून आलेले वारे चढतात, थंड होतात, माथ्यावर रिकामे होतात, आणि पलीकडे उतरताना तापून कोरडे पडतात. पर्जन्यछायेची व्याख्या त्याला पुन्हा पाठ करावी लागली नाही, कारण तो तिच्यातच वाढला होता.

तिथून नद्यांकडे जायचं. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटरवर, तरी ती १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. का? कारण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे आणि पश्चिमेला सह्याद्रीचा कडा उभा आहे. कृष्णेचंही तेच, कोयनेचंही तेच. आता कोयनेपाशी थांबा. कृष्णेला मिळून पूर्वेला जाणारं तिचं पाणी धरणात अडवून बोगद्यातून पश्चिमेला वळवून पोफळीला खाली सोडतात आणि त्या उंचीतून वीज तयार होते. वापरलेलं पाणी वाशिष्ठीला मिळून चिपळूणमार्गे समुद्रात जातं. मग कर्नाटक आणि आंध्र विचारणार की आमच्या वाट्याचं पाणी पश्चिमेला किती वळवलं? इथे घटनेचं कलम २६२ येतं, १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा येतो, १९६९ साली नेमलेला कृष्णा पाणीतंटा लवाद येतो. त्याच कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला. जलाशयामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगभरचे अभ्यासक कोयनेचं उदाहरण घेतात. एका धरणात भूगोल, ऊर्जा, संघराज्य आणि आपत्ती व्यवस्थापन असे चार विषय आले. पुस्तकात ते चार वेगळ्या प्रकरणांत आहेत. त्यांना जोडणं तुमच्याकडे आहे.

३. इतिहासात सनावळीच्या आधी कर्जाचा कागद वाचा. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुपे गावात बाजारच्या ठिकाणी शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर गेले, खतं आणि वह्या मागून घेतल्या आणि जाळल्या. 'दख्खनचे दंगे' या नावाने ही घटना एका ओळीत पाठ होते आणि दुसऱ्या ओळीत विसरली जाते. मी तिच्यावर आठवडा घालवते. तिच्यामागे अमेरिकेतलं यादवी युद्ध आहे. १८६१ ला ते पेटलं, मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेना, मुंबईहून कापूस जाऊ लागला आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजारही त्याच वर्षी बसला. आता सावकार वसुलीला बसला. आणि नेमक्या याच सुमाराला सरकारने जमीनमहसुलाची फेरआकारणी करून सारा खूप वाढवला.

यात एक कायदा आहे, तो मुलं सोडून देतात. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षंच चालेल असं ठरवलं. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावू लागला. कुणबी अंगठा उठवत राहिला. चांगल्या हेतूचा कायदा अंमलात आल्यावर कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न प्रशासनात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने या कागदापाशी स्वतःला विचारावा, असं मला फार वाटतं. पुढे चौकशी आयोग बसला, १८७९ ला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. त्याच वर्षी, १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने होरपळलेल्या याच मुलखात वासुदेव बळवंत फडक्यांचा उठाव झाला. आज २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा वाचताना सुपे डोळ्यांपुढे असलं की त्यातली कलमं समजतात.

साताऱ्यापुरतं म्हणाल तर डलहौसीने दत्तक नामंजूर करून खालसा केलेलं पहिलं संस्थान साताराच, १८४८ ला. आणि १९४२ चा सप्टेंबर महिना: तासगावला ३ तारखेला आणि वडूजला ९ तारखेला कचेरीवर मोर्चे गेले, वडूजला गोळीबार होऊन माणसं पडली. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार त्यानंतर उभं राहिलं. वडूजच्या मुलीला 'भारत छोडो' शिकवायला दिल्लीपासून सुरुवात का करायची?

४. योजना पाठ करू नका, तिचा पैसा कुठून येतो ते शोधा. योजनांच्या याद्या मुलं रात्र रात्र घोकतात: नाव, वर्ष, मंत्रालय. रोजगार हमीची गोष्ट मी याच्या उलट बाजूने सांगते. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसायकर कापला जातो. वर्षाचे २,५०० रुपये. एवढेच का? कारण घटनेच्या कलम २७६ ने वरची मर्यादाच तेवढी घातली आहे. आणि हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेला, १९७७ ला त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ साली देशाने ती कल्पना कायद्यात आणली. शहरातल्या पगारदाराने माणच्या खडीफोडीची मजुरी द्यायची, हे कायद्याने ठरवून देणारं हे राज्य होतं. महाराष्ट्राबद्दल मला ज्या गोष्टींचा मनापासून अभिमान आहे, त्यातली ही एक आहे. कल्याणकारी राज्य, करव्यवस्था, केंद्र-राज्य संबंध या तिन्हींवरच्या उत्तरात ती वापरता येते.

५. राज्यघटनेचं कलम मूळ शब्दांत वाचा, आणि मग त्यामागचा माणूस शोधा. मार्गदर्शक पुस्तकं चांगली आहेत, पण ती सारांश सांगतात. घटनेची मराठी प्रत टेबलावर असलीच पाहिजे. केशवानंद भारती म्हटलं की मुलं म्हणतात, "मूलभूत संरचना, १९७३." केशवानंद हे केरळच्या एडनीर मठाचे प्रमुख होते, आणि मठाच्या जमिनीवर भूसुधारणा कायद्याने टाच आली म्हणून ते न्यायालयात गेले होते. तेरा न्यायमूर्तींनी २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल दिला. एका मताचा फरक! जमिनीच्या खटल्यातून संसदेच्या अधिकाराची सीमा ठरली, हे कळलं की मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून का निघाला (४४ वी दुरुस्ती, १९७८) आणि कलम ३०० अ मध्ये का बसला, हे आपोआप पुढे येतं. कलम २१ ही असंच वाचावं: गोपालन १९५०, मनेका गांधी १९७८, पुट्टस्वामी २०१७. शब्द तेच राहिले, अर्थ वाढत गेला.

मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या मुलांना मी कलम ३७१(२) आधी वाचायला सांगते, आणि त्याआधी १९५३ चा नागपूर करार. विकासातल्या अनुशेषाचं राजकारण रोज कानावर पडतं. त्याचं मूळ कागदावर पाहिलं की बोलण्यातला त्रागा कमी होऊन मुद्दा पुढे येतो. मुलाखतीत हा फरक लगेच दिसतो.

६. आकड्यापुढे वर्ष आणि स्रोत लिहिल्याशिवाय आकडा वहीत घेऊ नका. भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर हे आपण शाळेपासून म्हणत आलो. नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर झाली. समुद्र वाढला नाही. जुनी मोजणी सत्तरच्या दशकातल्या, फार लहान प्रमाणाच्या नकाशावरची होती. नवी मोजणी मोठ्या प्रमाणावर, खाड्या आणि वळणं धरून केलेली आहे. प्रमाण बदललं की लांबी बदलते, हाच यातला भूगोल आहे. जनगणनेचंही तसंच. महाराष्ट्राची ११.२४ कोटी लोकसंख्या, ९२९ लिंगगुणोत्तर, ८२.३ टक्के साक्षरता हे २०११ चे आकडे आहेत, आणि उत्तरात "२०११ च्या जनगणनेनुसार" हे लिहिलंच पाहिजे. पुढची जनगणना २०२७ ची आहे.

७. चालू घडामोडींसाठी वर्षभर एकच वस्तू धरून बसा. मी कांदा देते. रब्बीचा उन्हाळी कांदा एप्रिलच्या सुमाराला निघतो, चाळीत टिकतो, दिवाळीपर्यंत देशाला पुरतो. मग खरिपाचा लाल कांदा येतो. लाल कांद्यावर अवकाळी पाऊस झाला आणि चाळीतला माल संपत आला, की लासलगावचा भाव उसळतो. दिल्लीत ओरड होते आणि सरकार हलतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली. प्रत्येक बातमी कापून ठेवायची आणि बाजूला विषय लिहायचा. शेती आणि बाजार हे विषय राज्यसूचीत, निर्यात मात्र संघसूचीत, म्हणजे भाव पाडणारा निर्णय एकाचा आणि मोर्चा दुसऱ्याच्या दारात. ग्राहक किंमत निर्देशांकात अन्नाचा वाटा मोठा, म्हणून पतधोरण समितीचं ४ टक्क्यांचं लक्ष्य (दोन टक्के वर-खाली) आणि शेतकऱ्याचा भाव यांची ओढाताण. नाशिकच्या बाजूच्या मुलांना हे शिकवताना मी फक्त कलमं पुरवते, बाकीचं तेच सांगतात.

रोजच्या बातम्यांचे सारांश विकत मिळतात. त्यांचा उपयोग पूर्व परीक्षेच्या आधीच्या महिन्यात उजळणीसाठी होतो. त्यापलीकडे त्यांच्यावर वेळ घालवू नये, या मतावर मी ठाम आहे.

८. अंदाज मारण्याचं गणित एकदा समजून घ्या आणि त्याची भीती सोडा. केंद्राच्या पूर्व परीक्षेत पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. बरोबर उत्तराला २, चुकीला त्यातले एक तृतीयांश वजा. चार पर्यायांपैकी काहीच माहीत नसताना ठोकलं, तर सरासरीने हाती शून्य. एक पर्याय खात्रीने कटला की गणित तुमच्या बाजूला झुकतं, दोन कटले तर सोडणं म्हणजे गुण टाकून देणं. म्हणून सरावात प्रत्येक प्रश्नापुढे "किती कटले" हा आकडा लिहायचा.

९. उत्तर मराठीत लिहायचं तर मराठीत विचार करायला हवा. केंद्राच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न, दहा १५० शब्दांचे आणि दहा २५० शब्दांचे, म्हणजे एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटं. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी नोट्स वाचतात आणि ऐन वेळी शब्द शोधत बसतात, त्यातच मिनिटं जातात. राज्यशासनाचा शासन व्यवहार कोश हाताशी ठेवावा. मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचाव्यात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली तो आमच्या वाईतच उभा राहिला, आणि आज तो सगळ्यांना विनामूल्य वाचता येतो. मोसमी वारे, रयतवारी, राजकोषीय तूट यांवर नीटस, तोलून लिहिलेलं मराठी तिथे आहे. एक नोंद वाचून मिटायची आणि १५० शब्दांत लिहायची. यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही.

१०. वर्षं मोजून ठेवा. हे सांगताना मला जड जातं, पण सांगते. केंद्रासाठी लाखो अर्ज येतात आणि जागा साधारण हजार. घरून दर महिन्याला मेसचे आणि खोलीचे पैसे येतात, ते सोयाबीनचे, दुधाचे, आईच्या शिलाईचे असतात. किती वर्षं द्यायची ते पहिल्याच वर्षी आई-वडिलांसोबत बसून ठरवा, कागदावर लिहा, आणि त्या काळात हाताला लागेल असं दुसरं कौशल्य चालू ठेवा. हुशार, कष्टाळू मुलांचे चेहरे एकेका निकालागणिक मिटत गेलेले मी पाहिले आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती, जागा कमी होत्या. हे घरच्यांनाही स्वच्छ सांगितलं पाहिजे.

११. सुट्टीत गावी गेलात की ग्रामसभेला बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती बहुधा असते. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी ती संख्या. किती माणसं खरोखर आली ते मोजा. बायका किती, त्यातल्या बोलल्या किती. ग्रामपंचायत विकास आराखडा पाहायला मागा. ७३ वी घटनादुरुस्ती, अकराव्या अनुसूचीतले २९ विषय, राज्य वित्त आयोग, हे सगळं तिथे त्या टेबलावरच्या फायलीत असतं. बलवंतराय मेहता समिती (१९५७), वसंतराव नाईक समिती आणि १ मे १९६२ ला सुरू झालेल्या आपल्या जिल्हा परिषदा हा क्रम तिथे बसून वाचला की कळतं, कोणती सत्ता कागदावर उतरली आणि कोणती गावापर्यंत पोचली.

पाटण तालुक्यातली एक विद्यार्थिनी अशीच ग्रामसभेला गेली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी ६० टक्के बांधील होते, हे तिला वर्गातून माहीत होतं. मग वाडीच्या नळपाण्याचं काम का अडलंय, असं तिने उभं राहून विचारलं. "बस गं पोरी, तुला काय कळतंय त्यातलं," असं एक जण म्हणाले. ती बसली नाही. शेवटी ग्रामसेवकांनी फाइल काढली. काम मंजूर होतं, पैसेही होते, पण पाइपलाइनचा काही पट्टा वनजमिनीतून जात होता आणि सगळं तिथेच थांबलं होतं. सोमवारी वर्गात येऊन ती म्हणाली, "मॅडम, १९८० चा वनसंवर्धन कायदा शिकवाल का?" आम्ही तो काढला, आणि सोबत २००६ चा वनहक्क कायदाही. त्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन अशा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि शिफारस ग्रामसभेने करायची असते. तिने ते कलम वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख घरी फोन करून विचारली.